ओल्या पावलांनी

आई,

या रविवारी जे झालं ते तुला सांगायचं आहे. बाबांना सांगून झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ती मढ्यांची फिल्म? ती अजून जिवंत आहे?" मग पोह्यांना फोडणी द्यायला उठून गेले. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे. मला साधा चहासुद्धा करू देत नाहीत, कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये खानसामा असताना मोठ्या साहेबांच्या बायकोने आत डोकावलं की जसे बघायचे तसे बघतात. पण पोह्यांची बशी माझ्यासमोर ठेवताना त्यांनी विचारलं, "मुली घाबरल्या का पण?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "तुझ्या आईला आवडलं असतं." म्हणून हे लिहायला बसले.

तो व्हीसीआर घरी आला तो दिवस मला अजून दिसतो. बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीतलं आपलं क्वार्टर, व्हरांड्यात तुझं पिको-फॉलचं मशीन, त्यावर वरच्या भाभींची जांभळी साडी लोंबतेय, आणि बाबा सायकलच्या कॅरिअरला काहीतरी जड बांधून आणतायत. कारखान्यात कधीकाळी कुठलंसं यंत्र बसवायला इटलीहून इंजिनिअर आले होते, ते गेस्ट हाऊसला राहत. ते गेले, त्यांचं सामान राहिलं, आणि खूप वर्षांनी स्टोअर रिकामं करताना कुणीतरी म्हणालं, हा खटारा ज्याला हवा त्याने न्यावा. बाबांनी आणला. त्याच्या पोटात एक कॅसेट अडकलेली होती. बाबांनी ती पोळी उलटायच्या सराट्याच्या टोकाने सोडवली, तू ओरडलीस, "माझा सराटा!", आणि तेवढ्यात टीव्हीवर एक धुकं भरलेला रस्ता दिसायला लागला. तोपर्यंत लोकांकडे सीडी आल्या होत्या. सोनागिरीच्या बाजारातलं कॅसेटचं दुकान मोबाईल रिचार्ज करून द्यायला लागलं होतं. त्यामुळे आपल्याकडे कॅसेट अशी ती एकच, आणि तिच्यावरचं लेबल केव्हाच निघून गेलेलं. त्या फिल्मचं नाव आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. भाषा कळत नव्हती. एका फिल्ममध्ये तीन वेगवेगळ्या भुतांच्या गोष्टी होत्या आणि प्रत्येकीत एक बाई होती, म्हणून आपण तिला 'तीन बायकांची फिल्म' म्हणायचो.

पहिल्यांदा ती लावलीस ती चैत्रातल्या हळदीकुंकवाला. आंब्याची डाळ खाऊन झाली होती, पन्हं संपलं होतं, बायका उठायला बघत होत्या आणि तू म्हणालीस, "बसा ना वो, एक गंमत दाखवते." पडदे ओढले. आपल्या टीव्हीचे रंग गेले होते, सगळंच शेवाळलेलं हिरवं दिसायचं. पहिल्याच गोष्टीत लाकडी पुतळ्याचा हात हलला आणि वरच्या मजल्यावरच्या भाभींनी अशी किंकाळी फोडली की बाहेर सायकलवाला थांबला. सगळ्या एकमेकींना बिलगल्या. फक्त शेजारच्या आजी पाटासारख्या ताठ बसून होत्या. ग्वाल्हेरच्या त्या, उतारवयात डोळे गेलेले. त्या चिडून म्हणाल्या, "अगं, सगळ्या घाबरून राहिल्या, मी एकटीनंच काय पाप केलंय? मलाही घाबरू द्या की!"

सगळ्या हसल्या, तू हसली नाहीस. तू उठून आजींच्या शेजारी जाऊन बसलीस, त्यांचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "ऐका आजी. एक बाई आहे, शिवणकाम करते, माझ्यासारखी. तिच्यापाशी एक लाकडाचा पुतळा आहे, कपडे अडकवून बघायचा. तिची पाठ आहे पुतळ्याकडे. आणि त्याचा हात, हळूच, असा…" आणि तू आजींच्या मनगटावरून बोटं अशी काही सरकवलीस की आजी भाभींपेक्षा जोरात ओरडल्या. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "हां. आता कसं!"

त्यानंतर ती फिल्म किती वेळा लागली, कुणी मोजलं असेल! पुरुष कामावर गेले, जेवणं झाली, की आजी काठी टेकत यायच्या. "लाव गं तुझ्या बायका." तू मशीनवर पाय थांबवायचीस आणि सांगायला लागायचीस. रंग तर दिसतच नव्हते, मग ते तू वाटायचीस. आजींना मोरपंखी आवडायचा म्हणून शिवणाऱ्या बाईला मोरपंखी शालू. दुसऱ्या गोष्टीत घोडागाडी धुक्यातून एका गावात शिरते आणि गावातले सगळे लोक पाठ करून उभे असतात, कुणीच तोंड दाखवत नाही. तू सांगायचीस, "रेशनच्या दुकानापुढे उभे राहतात ना आजी, तसे. पण पुढे दुकानच नाही." भाभी मधेच म्हणायच्या, "काज तो देखो, कितना कच्चा किया है दर्जिन ने," कारण तुझ्या बोलण्यातून त्यांना पहिल्या गोष्टीतलं शिवणकामच लक्षात राहिलं होतं. तू म्हणायचीस, "भाभी, वो कहानी हो गई. अब गाड़ी में बैठो."

आणि तिसरी गोष्ट. मोठं घर, एकटी विधवा, बाहेर पाऊस, दारावर थाप. ती दार उघडते. बाहेर कुणी नाही. पण उंबऱ्याच्या आत, कोरड्या फरशीवर, एक ओलं पाऊल उमटतं. मग दुसरं. मी इथे तुझ्या पदरात तोंड खुपसायची, म्हणून मला आठवतो तो फक्त आवाज. पहिल्यांदा तू सांगितलंस, "आजी, पावलं उमटतायत. दारातून आत. एकेक." आणि आजींच्या तोंडून, सवयीने, निघून गेलं, "कशाच्या पावलांनी आली गं?"

भाद्रपदात महालक्ष्म्या आणताना तू दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढायचीस. मुखवटा हातात घेऊन तू एकेका पावलावर थांबायचीस आणि आतल्या बायका विचारायच्या, कशाच्या पावलांनी आली? तू म्हणायचीस, सोन्यामोत्यांच्या पावलांनी, हळदीकुंकवाच्या पावलांनी. इटलीतल्या भुताला हे विचारलं गेलेलं मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही. तू एक श्वास घेतलास आणि म्हणालीस, "ओल्या पावलांनी आली." तिथून ती गोष्ट भुताची राहिली नाही. तू सांगितलंस, त्या बाईची सासू आहे ती, नदीत गेलेली, कुणी घरात घेतलं नाही म्हणून इतके दिवस बाहेर उभी होती. सुनेने तिला पाट मांडला. पदराने तिचे पाय पुसायला घेतले. आणि त्याच वेळी टीव्हीतून ती किंकाळी आली, जिच्यावर फिल्म संपते. आजी दचकल्या, "आता काहून ओरडली?" (तुझं 'काहून' त्यांनी उचललं होतं.) तू शांतपणे म्हणालीस, "पाय फार थंड होते, आजी."

मला या सगळ्याचा राग यायला लागला तेव्हा मी चौथीत होते. शाळेत नुकतंच 'सत्य' या विषयावर भाषण करून मी पेन मिळवलं होतं. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आई खोटं सांगते. शालू नाहीच आहे, झगा आहे. आणि मोरपंखी नाही, सगळंच हिरवं आहे." तू व्हीसीआरचं बटण दाबलंस. चित्र थरथरत उभं राहिलं. मला वाटलं आता धपाटा. तू आजींच्या शेजारची जागा रिकामी केलीस आणि म्हणालीस, "ये. तू सांग."

मी बसले. फिल्म सुरू झाली. मी म्हणाले, "एक बाई आहे. ती चालते."

"कशी चालते?" आजी.

"पायांनी."

भाभी खो खो हसल्या. तू नाही. तू म्हणालीस, "तुला दिसते ना? मग ज्याला दिसते त्यानं नुसतं बघून भागत नाही. नीट सांगावं लागते. माझं खोटं असेल, पण आजींना पोचते. तुझं खरं दारातच उभं आहे." माझे कान तापले. मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. रडू येत होतं तरी बघितलं. आणि मग म्हणाले, "आजी, तिचा पाय दुखतोय. पण कुणाला कळू नये म्हणून ती नीट चालायला बघते." आजींनी माझा हात दाबला. "हां. आता दिसली."

आई, नंतर मला पदवी मिळाली. आपल्या दोन्हीकडच्या घरांत मिळून पहिली. बाबा गेस्ट हाऊसचा काळा कोट इस्त्री करून आले होते आणि फोटोवाल्याला तीनतीनदा सांगत होते, "कागद दिसला पाहिजे, कागद." तो कागद भिंतीवर आहे, तुझ्या फोटोच्या शेजारी. मला त्याचा अभिमान आहे, लाजत नाही मी ते म्हणायला. पण माझी पहिली परीक्षा त्या दुपारी झाली होती आणि तिचा निकाल एका डोळे गेलेल्या बाईने दिला होता, हे मी मुलाखतीतसुद्धा सांगितलं. मुलाखत घेणाऱ्या मॅडम हसल्या आणि त्यांनी मला नोकरी दिली.

काम काय ते ऐक. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फिल्मचं वर्णन लिहायचं. दोन संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत, पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. त्याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. याचं शिक्षण असतं, नियम असतात. जे दिसतं तेवढंच सांगायचं. आपलं मत घालायचं नाही. माणूस दुःखी आहे असं म्हणायचं नाही, खांदे पडलेत असं म्हणायचं. पहिल्या दिवशी हे नियम ऐकताना मी मनात तुला नापास केलं. संध्याकाळी घरी येईपर्यंत पुन्हा पास केलं. तू हे काम कुणी शिकवल्याशिवाय, पगाराशिवाय, पिकोच्या साड्या बाजूला ठेवून करत होतीस, आणि मला वाटत होतं आई टाइमपास करते.

ऑफिसच्या कामाखेरीज मी रविवारी अंध मुलींच्या एका वसतिगृहात जाते. तिथे त्यांना फिल्म दाखवतात ते मी सांगते. पण कोणत्या फिल्म? संतांच्या, आणि अपंग मुलगा शेवटी कलेक्टर होतो तशा. एकदा एक मुलगी, सातवीतली, वेण्या घट्ट घातलेली, फिल्म संपल्यावर म्हणाली, "दीदी, हमेशा हमको हौसला ही क्यों देते हैं सब? कभी डराओ ना." मलाही घाबरू द्या की. तेच, आजींचंच.

मग मी ती फिल्म शोधायला लागले. नाव माहीत नाही, साल माहीत नाही, फक्त पुतळा, पाठमोरं गाव आणि ओली पावलं. जुन्या फिल्मांचं वेड असलेल्या लोकांना निरोप पाठवत राहिले. शेवटी एकाने उत्तर दिलं, आणि पुढे डाकेने एक चकचकीत डिस्क घरी आली. पासष्टएक वर्षांपूर्वीची फिल्म म्हणे, जगभर मानतात तिला. कुणीतरी एकेक चित्र पुसून स्वच्छ केलेलं. मी पडदे ओढून ती लावली आणि आई, रंग! शिवणारी बाई गडद डाळिंबी कपड्यांत आहे. धुकं निळं आहे. इतकं सुंदर आहे ते, आणि मला सारखं वाटत होतं, कुणीतरी चुकीचे रंग भरलेत. डाळिंबी नाही हो, मोरपंखी.

वसतिगृह चालवणाऱ्या बड्या दीदींना विचारलं तर त्यांनी हातच जोडले. "बेटा, इन बच्चियों की ज़िंदगी में अँधेरा क्या कम है, जो तुम भूत ला रही हो?" वाईट नाहीत त्या. आयुष्य त्या मुलींसाठी घातलंय त्यांनी. मी म्हणाले, डोळस मुलं पैसे देऊन घाबरतात, जत्रेतल्या झुल्यात बसून किंचाळतात, ती मजा यांच्या वाट्याला का नाही? दीदी म्हणाल्या, "तुम पढ़ी-लिखी हो, बातें अच्छी करती हो." तेवढ्यात मागून ती वेण्यावाली म्हणाली, "बड़ी दीदी, अँधेरा कैसा होता है, हमको क्या पता? भूत आने दो." दीदींना हसू आवरलं नाही. पण अट घातली: एकही मुलगी घाबरून रडली, तर रविवारची फिल्म बंद. कायमची. त्या वेळात भजन.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. माझ्या हट्टापायी त्यांचा रविवार जाणार होता. रोज ऑफिसनंतर मी वर्णन लिहिलं, हिंदीत, नियम पाळून. पहिली गोष्ट, दुसरी गोष्ट. एकही मोरपंखी नाही.

रविवारी दुपारी हॉलमध्ये सतरंजीवर मुली बसल्या. बड्या दीदी आत आल्या नाहीत, दाराबाहेर व्हरांड्यात मटार सोलत बसल्या, कान मात्र इकडे. पुतळ्याचा हात हलला तेव्हा पुढची अख्खी ओळ किंचाळली आणि लगेच हसायला लागली. "दीदी, रिवाइंड!" मी म्हणाले, सिनेमा हॉलमध्ये रिवाइंड नसतं. पाठमोऱ्या गावात त्या एकमेकींजवळ सरकल्या. एक हळूच म्हणाली, "हमसे भी लोग ऐसे ही बात करते हैं, उधर मुँह करके." हे तुला कधी सुचलं नव्हतं आई, मला तर नाहीच.

मग तिसरी. पाऊस. थाप. दाराची कडी. सगळ्यात लहान मुलीने वेण्यावालीचा हात घट्ट धरला आणि तिचा श्वास असा यायला लागला की आता ही रडणार. व्हरांड्यातले मटार थांबले. मी बोलले, "दरवाज़ा खुला है. बाहर कोई नहीं. सूखे फ़र्श पर एक गीला पैर उभरता है. छोटा. फिर दूसरा." लहानगी रडक्या आवाजात म्हणाली, "किसका है?"

मी कागदाकडे बघितलं नाही. मी म्हणाले, "सास है उसकी. नदी से आई है. बहुत दिन से बाहर खड़ी थी, किसी ने अंदर नहीं बुलाया. बहू पाटा बिछाती है. कहती है, बैठो. अपने पल्लू से उसके पैर पोंछती है…" आणि ती किंकाळी आली. सगळ्या उडाल्या. लहानगीने तोंड उघडलं, आणि रडण्याऐवजी विचारलं, "अब क्यों चिल्लाई?"

"पैर बहुत ठंडे थे."

तिने विचार केला. "इतने ठंडे?"

आणि व्हरांड्यातून बड्या दीदींचा आवाज आला, "बेचारी. कब से बाहर खड़ी होगी." मग थोडं थांबून, "अगले इतवार की भी ऐसी कोई है क्या तुम्हारे पास?"

आई, हॉलमध्ये एवढा गलका झाला की मटारचं भांडं उलटलं. मी डिस्क डबीत ठेवत होते. मला वाटत होतं ओरडून सांगावं की हे माझं नाही, ही माझ्या आईची गोष्ट आहे, तिचं शिक्षण सातवी, ती बरखेड्यात पिको करायची. सांगितलं मग. ओरडून नाही, साधंच. वेण्यावाली म्हणाली, "आपकी मम्मी को भी दिखता नहीं था क्या?" मी म्हणाले, दिसायचं. ती म्हणाली, "लगता नहीं." मला कळलं, ती तुझं कौतुक करत होती.

आमच्या मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, नियम मोडलास, पण समजून-उमजून मोडलास, ते दिसतं. मी मान हलवली. सगळ्यांना तसंच वाटतंय, की मी ठरवून तुझा शेवट सांगितला. बाबांनाही. मी कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, डिस्कच्या डबीत घडी करून ठेवणार आहे, म्हणून तुला तेवढं सांगते.

कागदावर पुढे काही नव्हतंच. दुसरं पाऊल उमटलं की मी लिहितानाही डोळे मिटून घेत होते, दर वेळी, आणि रविवारीही मिटले. त्या हॉलमध्ये बघू शकणारी मी एकटीच होते, आणि मी बघत नव्हते. त्या फिल्मचा खरा शेवट काय आहे, मला अजून माहीत नाही.